पीसीएनएलसाठी रुग्णाला पालथे करताना

मूत्रपिंडातला मोठा मुतखडा पाठीतून दुर्बिणीने काढण्याच्या शस्त्रक्रियेला, म्हणजे पीसीएनएलला, ऑपरेशनच्या यादीत दीड-दोन तास दिलेले असतात. मात्र त्यातली पंधरा मिनिटे रुग्णाला नीट झोपवण्यात जाणार आहेत, हे बहुतेक वेळा कुणीच धरलेले नसते. साहजिकच ते काम घाईत उरकले जाते आणि पुढचा सगळा वेळ भूलतज्ज्ञ हिरव्या कापडाखाली हात घालून ट्यूब, डोळे आणि कोपर चाचपत बसतो. हा लेख ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर, तंत्रज्ञ आणि नव्याने रुजू झालेले निवासी डॉक्टर यांच्यासाठी आहे. औषधांच्या मात्रा यात मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या समोरचा रुग्ण पाहूनच ठरवाव्या लागतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. भूल कोणती द्यायची आणि रुग्णाला कसे झोपवायचे हे दोन वेगळे प्रश्न समजले जातात, एक भूलतज्ज्ञाचा आणि एक सर्जनचा. वस्तुतः तो एकच निर्णय आहे आणि तो दोघांनी मिळून आदल्या दिवशी घ्यायचा असतो. पालथ्या रुग्णाच्या श्वासनलिकेपर्यंत सहज पोहोचता येत नाही, म्हणून पोझिशन बदलली की भुलीचा सगळा हिशेब बदलतो.

पालथे की उताणे

स्वीडनमधल्या फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी १९७६ मध्ये पाठीतून छिद्र करून मुतखडा काढल्याची पहिली नोंद प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे ही शस्त्रक्रिया म्हणजे रुग्ण पालथा असे समीकरणच होऊन गेले. त्याला शरीररचनेचा आधार आहे. मूत्रपिंडाच्या मागच्या बाजूच्या कप्प्यातून शिरले की मोठ्या रक्तवाहिन्या टाळता येतात, पाठीवर जागा भरपूर मिळते आणि वरच्या कप्प्यापर्यंत सरळ जाता येते. पुढे १९८०च्या दशकात स्पेनमधल्या वाल्दिव्हिया यांनी रुग्णाला उताणे ठेवूनच, शस्त्रक्रियेच्या बाजूच्या कमरेखाली ३ लिटरची पिशवी सरकवून, कुशीच्या बाजूने शिरण्याची पद्धत मांडली. त्याच देशातल्या गाल्दाकाओ गावाच्या नावाने ओळखली जाणारी तिची सुधारित आवृत्ती आता आपल्याकडच्या शहरांतही रुळली आहे.

उताण्या पद्धतीत रुग्णाला उलटवावे लागत नाही, चेहरा भूलतज्ज्ञासमोर राहतो आणि खालून मूत्रनलिकेतली दुर्बीण व वरून कुशीतली दुर्बीण एकाच वेळी चालवता येते. म्हणून अतिस्थूल रुग्ण, हृदयाची क्षमता घटलेला रुग्ण, दम्याने बेजार झालेला रुग्ण किंवा पाठीला मोठा बाक असलेला वृद्ध यांच्यासाठी भूलतज्ज्ञाने आपणहून उताण्या पद्धतीचा आग्रह धरायला हरकत नाही. तोटेही आहेतच: मूत्रपिंड हाताखालून सरकते, सुईचा मार्ग लांबतो आणि वरच्या कप्प्यात पोहोचणे अवघड जाते. शेवटी सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसला आहे ती पद्धत त्याच्याकडून जास्त सुरक्षित होते, हे मान्य करूनच चर्चा करावी. आपल्याकडे अजूनही बहुतेक ठिकाणी पालथी पद्धतच चालते, म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः तिच्याविषयी आहे.

मूत्रनलिकेतला खडा दुर्बिणीने काढताना किंवा लवचिक दुर्बिणीने मूत्रपिंडात लेझर वापरताना रुग्ण लिथोटॉमीत, म्हणजे पाय वर बांधलेल्या अवस्थेत असतो. त्यात उलटवण्याचा प्रश्न नसतो. शरीराबाहेरून लहरींनी खडा फोडताना तर अनेकदा वेदनाशामक इंजेक्शनवर भागते.

आदल्या संध्याकाळी वॉर्डात

रुग्णाला भेटायला गेल्यावर उपाशी राहण्याच्या सूचना (घन अन्न ६ तास, साधे पाणी २ तास), रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, रक्तदाब हे सगळे विचारले जातेच. त्याबरोबर लघवीच्या कल्चरचा अहवाल स्वतः डोळ्यांनी पाहावा. जंतुसंसर्ग असलेल्या मूत्रपिंडात दाबाने सलाईन सोडले की ते जंतू रक्तात जातात आणि ऑपरेशन उत्तम होऊनही रात्री रुग्ण आयसीयूत पोहोचतो. अहवाल आलेला नसेल तर यादीतले नाव पुढे ढकलण्याची तयारी ठेवावी.

त्यानंतर एक साधी गोष्ट करावी, जी कुठल्याही तपासणी-फॉर्मवर छापलेली नसते: रुग्णाला त्याच्याच खाटेवर दहा मिनिटे पालथे झोपायला सांगावे. मान दोन्ही बाजूंना किती वळते, हात डोक्याकडे नेताना खांदा दुखतो का, धाप लागते का, हे जागेपणी कळते. भूल दिल्यावर स्नायू सैल झालेले असताना आपण त्याची मान त्याला स्वतःला कधी जमली नसती इतकी वळवू शकतो, आणि तो तक्रार करू शकत नाही. ज्याला पाच मिनिटेही पालथे पडवत नाही, त्याला पूर्ण भूल न देता फक्त पाठीतल्या बधिरतेच्या इंजेक्शनवर दीड तास पालथे ठेवण्याचा विचार तिथेच सोडून द्यावा.

दागिन्यांचा विषयही याच वेळी काढावा. बांगड्या, जोडवी, नथ आणि मंगळसूत्र काढण्याविषयी थिएटरच्या दारात घाईघाईने सांगितले की रुग्ण बिचकते आणि नातेवाईकही नाराज होतात. वॉर्डात, घरच्यांच्या देखत, शांतपणे सांगितले की सहसा अडचण येत नाही. पुरुषांच्या बाबतीत मात्र करदोडा हमखास विसरला जातो. पालथे केल्यावर करदोड्यातली चांदीची चकती नेमकी ओटीपोटाखालच्या उशीवर दाबली जाते, दोन तासांनी कातडीवर तिचा ठसा उमटतो आणि एक्स-रेच्या पडद्यावर ती खड्याच्या आसपास दिसून सर्जनला बुचकळ्यात टाकते. बऱ्याच घरांत करदोडा तोडणे अशुभ मानतात. गाठ सोडून तो कागदाच्या पुडीत बांधून घरच्यांच्या हाती दिला, तर कुणाचीच हरकत नसते.

कोणती भूल

पालथ्या पीसीएनएलसाठी पूर्ण भूल आणि श्वासनलिकेत ट्यूब हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. मूत्रपिंड श्वासाबरोबर वर-खाली होते. सुई नेमकी शिरवताना सर्जनने 'श्वास थांबवा' म्हटले की व्हेंटिलेटर काही सेकंद थांबवता येतो, ही सोय फक्त पूर्ण भुलीत मिळते. बाराव्या बरगडीच्या वरून शिरायचे असेल, खडा मोठा व फांद्या फुटलेला असेल किंवा वेळ किती लागेल याचा अंदाज नसेल, तर दुसरा विचार करू नये.

पाठीत इंजेक्शन देऊनही ही शस्त्रक्रिया होते आणि जिल्हा पातळीवर ती पुष्कळ ठिकाणी तशीच केली जाते. मूत्रपिंडाच्या वेदना साधारण टी-१० ते एल-१ या (पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंच्या) पातळीतून जात असल्या, तरी बधिरता त्याहून बरीच वर, निदान छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत म्हणजे टी-६ पर्यंत चढलेली असावी लागते. नाहीतर सलाईनने मूत्रपिंड फुगले की रुग्ण कण्हू लागतो. इंजेक्शन दिल्याबरोबर रुग्णाला उलटवू नये. औषधाची पातळी स्थिर व्हायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. लिथोटॉमीत मूत्रनलिकेत कॅथेटर टाकण्याचा पहिला टप्पा याच वेळात उरकतो, त्यामुळे वेळ फुकट जात नाही. मात्र त्या टप्प्यात कुणी टेबलाची डोक्याकडची बाजू खाली केली, तर जड औषध आणखी वर चढते, हे लक्षात ठेवून टेबलाच्या रिमोटवर नजर ठेवावी.

पाठीतल्या इंजेक्शनवर असलेला पालथा रुग्ण अस्वस्थ झाला की त्याला झोपेचे इंजेक्शन देण्याचा मोह होतो. तो टाळावा. तोंड खाली असलेल्या, अर्धवट गुंगीतल्या माणसाची जीभ मागे पडली किंवा उलटी झाली, तर त्याला पुन्हा उताणे करेपर्यंत हातात काहीच राहत नाही. अशा वेळी 'काका, थोडाच वेळ राहिला' असे सांगत खांद्यावर हात ठेवून बसलेल्या सिस्टरचा उपयोग जास्त होतो, आणि तेवढ्याने भागत नसेल तर शस्त्रक्रिया थांबवून, उताणे करून, रीतसर ट्यूब टाकावी.

उलटवण्याआधी

शिरेतली सुई कोपराच्या खोबणीत लावू नये, कारण पालथे केल्यावर कोपर दुमडणार आहे. मनगटाच्या वर किंवा हाताच्या पाठीवर, जाड, निदान १८ नंबरची हिरवी, असावी. रक्तस्राव होऊ शकणारी शस्त्रक्रिया असल्याने दुसरी शीरही आधीच घेऊन ठेवावी. ट्यूब फ्लेक्सोमेटॅलिक, म्हणजे आत तारेचे वेटोळे असलेली, असेल तर मान वळवल्यावर ती दुमडत नाही. मात्र रुग्णाने ती दाताखाली चावली तर चेपलेली तार पुन्हा सरळ होत नाही, म्हणून दातांमध्ये गॉझची गुंडाळी ठेवावी. पालथ्या अवस्थेत लाळ गालावरून ओघळते आणि चिकटपट्टी सुटते. म्हणून गाल कोरडा पुसून डायनाप्लास्ट लावावा आणि वरून ट्यूब नाडीने बांधून टाकावी, नाडी ओठाच्या कोपऱ्यात रुतणार नाही इतपत सैल. डोळ्यांत मलम घालून पापण्या मिटून पट्टी लावावी.

लिथोटॉमीचा टप्पा संपल्यावर पाय खाली घेताना दोन्ही पाय एकाच वेळी, दोघांनी, सावकाश खाली आणावेत. विशेषतः पाठीत इंजेक्शन असेल तर पायांकडे रक्त उतरून रक्तदाब एकदम घसरतो, म्हणून पाय उतरवल्यावर एकदा रक्तदाब मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. टेबलाचा पायाकडचा भाग पुन्हा वर करताना रुग्णाची बोटे कुठे आहेत ते पाहावे. हात शरीरालगत ठेवलेले असतील तर बोटे नेमकी त्या सांध्यावर येतात आणि टेबल बोटे चिरडते.

मूत्रनलिकेतले कॅथेटर आणि फोलीज कॅथेटर (मूत्राशयातली लघवीची नळी) एकमेकांना चिकटपट्टीने पक्के बांधून मांडीच्या आतल्या बाजूने घ्यावेत. उलटवताना यातले पहिले निसटले, तर मूत्रपिंडात रंगद्रव्य सोडण्याची वाटच बंद होते आणि सगळे पुन्हा लिथोटॉमीपासून सुरू करावे लागते. अशा वेळी सर्जनच्या चेहऱ्याकडे न पाहणेच बरे.

उशा आणि गाद्या आधी टेबलावर मांडून ठेवाव्यात, रुग्ण हवेत असताना शोधू नयेत. छातीखाली एक आणि ओटीपोटाखाली एक अशा दोन आडव्या गुंडाळ्या, किंवा खांद्यापासून कमरेपर्यंत दोन उभ्या, यांपैकी काहीही चालते. अट एकच, की पोट मध्ये मोकळे लोंबले पाहिजे. पोट दाबले गेले की पोटातली मोठी नीला दबते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते, रक्तदाब उतरतो, छातीचा पडदा वर ढकलला जातो आणि व्हेंटिलेटरचा दाब वाढतो. पोट मोकळे असेल तर फुप्फुसे पालथ्या अवस्थेत उताण्यापेक्षाही चांगली चालतात. जेलच्या गाद्या नसतील तर चादरी घट्ट गुंडाळून, वर मऊ कापूस आणि सुरकुती नसलेले कापड लावून उत्तम काम होते. मी अनेक वर्षे तशाच वापरल्या आहेत. गुंडाळ्या मांडल्यावर सी-आर्म (थिएटरमधले फिरते एक्स-रे यंत्र) टेबलाखालून मूत्रपिंडाच्या जागेपर्यंत सरकतो का, टेबलाचा लोखंडी खांब मध्ये येत नाही ना, हे रिकाम्या टेबलावरच पाहून घ्यावे.

ते एक मिनिट

सहा माणसे हवीत. डोक्याशी भूलतज्ज्ञ, दोन्ही बाजूंना दोघे-दोघे आणि पायांशी एक. पाच जणांत निभावते. चौघांत करू नये, रुग्ण कितीही किडकिडीत असला तरी. रुग्ण ट्रॉलीवर, ट्रॉली टेबलाला खेटून, दोन्हींची चाके ब्रेक लावून पक्की, आणि टेबलापलीकडच्या दोघांचे हात झेलण्यासाठी पसरलेले, अशी रचना असते.

शंभर टक्के प्राणवायू दोन-तीन मिनिटे दिल्यावर, स्नायू पूर्ण सैल आहेत याची खात्री करून, भूलतज्ज्ञाने सगळ्यांना एकदा नावाने विचारावे: तयार? सलाईनची नळी कुणाच्या हाताखाली अडकलेली नाही ना, लघवीची पिशवी खाटेच्या कडेला लटकलेली नाही ना, हे त्याच वेळी पाहावे. मग व्हेंटिलेटरची नळी ट्यूबपासून सोडवावी, कारण अडकलेली नळी उलटताना ट्यूबच ओढून बाहेर काढते. ईसीजीच्या तारा आणि रक्तदाबाचा पट्टा सोडले तरी चालेल, बोटावरचा ऑक्सिमीटर मात्र राहू द्यावा.

मोजणी भूलतज्ज्ञानेच करावी, बाकी सर्वांनी गप्प राहावे, आणि 'एक, दोन, तीन' यांतल्या तीनवर हलायचे की तीन म्हणून झाल्यावर, हे आधी ठरवून घ्यावे. हसू येईल अशी सूचना आहे, पण अर्धे लोक तीनवर आणि अर्धे तीननंतर हलले की रुग्णाचे धड वळते आणि मान मागे राहते. भूलतज्ज्ञाच्या एका हातात ट्यूब ओठाशी धरलेली असते आणि दुसऱ्या हाताच्या पंजात डोके. डोके, मान आणि पाठ एका रेषेत, एखादा लाकडी ओंडका फिरवावा तशी फिरली पाहिजेत.

रुग्ण टेबलावर टेकताच पहिले काम म्हणजे व्हेंटिलेटर जोडणे आणि कॅप्नोग्राफची (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची) रेघ पडद्यावर दिसेपर्यंत कुणालाही दुसरे काम न सांगणे. रेघ दिसली की दोन्ही फुप्फुसांत हवा सारखी जाते का ते स्टेथोस्कोपने पाठीवरून आणि काखेतून ऐकावे. मान पुढे वाकली की ट्यूबचे टोक आत सरकते आणि मागे गेली की बाहेर येते. उताण्या अवस्थेत अगदी योग्य जागी असलेली ट्यूब पालथे केल्यावर उजव्या फुप्फुसात शिरलेली असू शकते. मग रक्तदाब. तो थोडा उतरतोच. बराच उतरला तर औषधाच्या आधी पोटाखाली हात घालून पाहावा, बऱ्याचदा गुंडाळी सरकून पोटाखाली आलेली सापडते.

डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत

डोके मध्ये पोकळी असलेल्या फोमच्या उशीवर, मान शक्यतो सरळ. कपाळ आणि गालांची हाडे टेकलेली हवीत. डोळे, नाकाचे टोक आणि हनुवटी मोकळी. डोळ्याच्या बुबुळावर दाब राहिला तर दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा थांबतो आणि कायमचे अंधत्व येऊ शकते. म्हणून दोन्ही डोळ्यांखाली बोट सरकवून पाहावे, आणि पुढे दर पंधरा-वीस मिनिटांनी, विशेषतः सर्जनने टेबल हलवल्यावर किंवा रुग्ण थोडासाही सरकल्यावर, पुन्हा पाहावे. मान वळवून ठेवली असेल तर खालचा कान दुमडलेला नाही ना, हे बघायला विसरू नये.

हात वर न्यायचे ते एकेक करून, आधी खाली टेबलाच्या कडेशी सोडून मग पुढून वर, पोहणारा माणूस हात मारतो तसे. पाठीमागून ओढून वर नेऊ नयेत, खांदा निखळतो. खांद्याशी कोन ९० अंशांपेक्षा कमी, कोपर दुमडलेले, तळवे खाली आणि हात खांद्याच्या पातळीपेक्षा किंचित खाली, म्हणजे काखेतून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर ताण येत नाही.

कोपराविषयी मात्र मला थोडे थांबून सांगायचे आहे. दाराची कड लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, ती जागा सर्वांच्या ओळखीची असते. तिथे अल्नर नावाचा मज्जातंतू कातडीखाली हाडावर उघडाच असतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका रुग्णालयात माझ्या हातून एका शेतकऱ्याचे उजवे कोपर हात ठेवण्याच्या फळीच्या लोखंडी कडेवर राहिले. वरून कापड पडले, शस्त्रक्रिया लांबली आणि मी फक्त मॉनिटरकडे पाहत राहिलो. दुसऱ्या दिवशी फेरीच्या वेळी त्याने विचारले, 'साहेब, खडा पाठीतून काढला, मग करंगळी का मेली?' ती पूर्ववत व्हायला दीड महिना गेला, आणि तो काळ पेरणीचा होता. तेव्हापासून कोपराखाली कापसाची गादी स्वतः ठेवतो आणि कापड पडण्यापूर्वी तिथे बोटे फिरवून पाहतो. हे काम दुसऱ्यावर सोपवत नाही.

स्त्रियांचे स्तन गुंडाळ्यांच्या मध्ये, बाहेरच्या बाजूला ताणले न जाता ठेवावेत; पुरुषांचे जननेंद्रिय ओटीपोटाखालच्या गुंडाळीखाली दबलेले नाही आणि कॅथेटर ओढले जात नाही, हे खालून पाहावे. गुडघ्यांखाली मऊ गादी आणि नडग्यांखाली उशी ठेवून पायाची बोटे हवेत मोकळी राहतील असे करावे. कॉटरीची (विजेने रक्तस्राव थांबवण्याच्या यंत्राची) प्लेट मांडीवर किंवा पोटरीवर, केस आणि हाड टाळून लावावी. ईसीजीचे इलेक्ट्रोड खांद्यांवर, शस्त्रक्रियेच्या जागेपासून दूर ठेवावेत.

उताण्या पद्धतीत हे सगळे सोपे होते, पण दोन गोष्टी तिथेही पाहाव्यात. शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात छातीवरून पलीकडे आडवा बांधतात. तो घट्ट बांधला की छाती फुलत नाही. आणि वर बांधलेल्या पायाच्या गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला जे हाडाचे टेंगूळ असते तिथे आधाराची कड लागली, तर पाऊल वर उचलता न येण्याची कटकट मागे लागते.

शस्त्रक्रिया सुरू असताना

धुण्यासाठी नॉर्मल सलाईनच वापरावे. साधे निर्जंतुक पाणी रक्तात शिरले तर लाल पेशी फुटतात. पिशव्या शरीराच्या तापमानाला कोमट केलेल्या असाव्यात, कारण कित्येक लिटर गार सलाईन आणि भिजलेल्या चादरी मिळून वातानुकूलित थिएटरात रुग्णाला गारठवून टाकतात. पिशवी जितकी उंच टांगावी तितका मूत्रपिंडातला दाब वाढतो आणि तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या पुढे गेला की सलाईन आणि त्यातले जंतू उलटे रक्तात शिरू लागतात. दुर्बिणीतून नीट दिसत नाही म्हणून पिशवी आणखी वर चढवायला सांगितले जाते, तेव्हा हे आठवावे आणि बोलून दाखवावे. किती पिशव्या आत गेल्या आणि किती बाहेर आल्या याचा हिशेब सिस्टरने फळ्यावर लिहावा. बादलीतले पाणी लाल दिसते त्यावरून रक्त किती गेले याचा अंदाज बांधणे अशक्यप्राय आहे; शंका आली की हिमोग्लोबिन तपासावे.

बाराव्या बरगडीच्या वरून सुई गेली असेल, तर फुप्फुसाभोवतीच्या आवरणात सलाईन किंवा हवा साठू शकते. व्हेंटिलेटरचा दाब चढू लागला, ऑक्सिजन उतरू लागला आणि एका बाजूचा श्वास मंद ऐकू आला, तर ट्यूबमध्ये दोष शोधून झाल्यावर हीच शंका आधी घ्यावी. सी-आर्म हाताशीच असतो. रुग्णाला उताणे करण्यापूर्वी त्याच बाजूच्या छातीचा तळ पडद्यावर पाहून घ्यायला अर्धे मिनिटही लागत नाही. कॅप्नोग्राफची रेघ अचानक खाली कोसळली आणि रक्तदाबही पडला, तर रक्तात हवा शिरल्याची शक्यता मनात आणून सर्जनला लगेच थांबवावे.

रुग्णाला आणणारी ट्रॉली थिएटरच्या आत किंवा अगदी दाराशी, रिकामी, उभी राहिली पाहिजे. ती दुसऱ्या रुग्णाला आणायला वॉर्डबॉय मामांनी नेली, हा प्रकार मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की आता तिच्यावर 'हलवू नये' अशी पाटीच लावतो. ट्यूब निसटली तर उताणे करण्यावाचून दुसरा मार्ग नाही. हृदय बंद पडले तर मात्र ट्रॉलीची वाट पाहत बसू नये: दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांच्या मधोमध, पाठीच्या कण्यावर दाब देत पालथ्या अवस्थेतच मसाज सुरू करता येतो आणि तोवर बाकीच्यांनी ट्रॉली लावून उताणे करण्याची तयारी करायची असते.

पुन्हा उताणे करताना

सुरुवातीला सहा जण असतात आणि शेवटी तिघेच उरतात, ही प्रत्येक थिएटरची रीत आहे. सर्जन नोट्स लिहायला गेलेले, एक तंत्रज्ञ पुढच्या रुग्णाच्या तयारीत. पाठीतली नळी टाक्याने आणि पट्टीने पक्की झाली की मोजून सहा माणसे येईपर्यंत रुग्णाला हात लावू नये. शस्त्रक्रियेच्या बाजूची नळी आणि तिची पिशवी सांभाळायला त्यांच्यातलाच एक नेमावा.

उताणे झाल्यावर पुन्हा तोच क्रम: व्हेंटिलेटर, कॅप्नोग्राफ, दोन्ही बाजूंचा श्वास, रक्तदाब. लांबलेल्या शस्त्रक्रियेत चेहरा, पापण्या आणि जीभ सुजतात. जीभ सुजलेली दिसली तर ट्यूब काढण्याची घाई करू नये, डोक्याकडची बाजू उंच करून थांबावे. सर्वसाधारण रुग्णाची ट्यूबही तो पूर्ण जागा होऊन, सांगितल्यावर हात घट्ट दाबू लागल्यानंतरच काढावी. कपाळ, गाल, छाती, कमरेची हाडे आणि गुडघे यांवरची लाली पाहून कागदावर लिहावी, कारण तासाभरात न जाणारी लाली ही दाबाची जखम असते.

रिकव्हरीत पहिले काही तास थंडी वाजून ताप येणे, नाडी धावणे आणि रक्तदाब घसरणे यांकडे लक्ष ठेवावे. थंडी वाजली की केवळ पांघरूण घालून न थांबता तापमान आणि रक्तदाब मोजावा. दुसऱ्या दिवशी सकाळी भूलतज्ज्ञाने वॉर्डात जाऊन नळीतल्या लघवीचा रंग पाहावा, दोन्ही डोळ्यांनी नीट दिसते का ते विचारावे, आणि रुग्णाला दोन्ही हातांच्या करंगळ्या एकेक करून हलवून दाखवायला सांगावे.